मदत हवी आहे : दोन देशांतील राहणीमानाची तुलना नेमकी कशाने करावी?

श्रीमंत आणि विकसनशील देशांतील राहणीमानाची तुलना करणारा लेख लिहिताना मी एका प्रश्नावर अडलो आहे. दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या समानतेनुसार (म्हणजे दोन देशांतील किमतींमधला फरक हिशेबात धरून) मोजले, तरी नळाला दिवसभर पाणी येते की पहाटे उठून तासाभरात सगळी भांडी भरून ठेवावी लागतात, हे त्या आकड्यात उमटत नाही. १९९० पासून प्रसिद्ध होणारा मानव विकास निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची सांगड घालतो खरा. पण पाण्यापायी खर्ची पडणारा वेळ (तो बहुधा बाईचाच) त्यातही मोजला जात नाही. अशा बिनपगारी कामाची नोंद घेणारी वेळ-वापर सर्वेक्षणे कोणी अभ्यासली असल्यास, दोन देशांतील त्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडताना कोणती काळजी घ्यावी, हे कृपया सांगावे.