मदत हवी आहे: कोडियक्कराईची दीपगृहं आणि काळविटं, सोलापूरहून कसं जावं?

नमस्कार मंडळी,

मी, बायको आणि आप्पा असे तिघं तमिळनाडूतल्या कोडियक्कराईला, म्हणजे पॉइंट कॅलिमेरला जायचं म्हणतोय. सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्याशिवाय आप्पा सोलापूर सोडत नाहीत, त्यामुळे जानेवारीचा शेवट धरलाय. कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आप्पांचा जीव दोन गोष्टींत अडकलाय. एक म्हणजे तिथली दीपगृहं. चोळांच्या काळातला म्हणून सांगितला जाणारा जुना मनोरा २००४ च्या त्सुनामीत पडला. त्याचं आता काही बघण्यासारखं उरलंय का? ब्रिटिशांच्या वेळचं दीपगृह आतून बघू देतात का, की बाहेरूनच? आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने चढणार नाहीत. पण पायथ्याशी तरी त्यांना नेता यावं. रस्त्यापासून किती चालावं लागतं, वाळूतून की पक्क्या वाटेने, एवढं कळलं तरी मोठी मदत होईल.

दुसरी गोष्ट काळविटांची. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आम्ही ती कायम बघत आलोय. कुसळी गवत, मुरमाड जमीन, पलीकडे ज्वारी. तोच प्राणी समुद्राकाठी, खाऱ्या दलदलीशेजारी कळपाने राहतो, हे आप्पांना प्रत्यक्ष बघायचंय. १९६७ मध्ये हे अभयारण्य मुळात काळविटांसाठीच जाहीर झालं. नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने तिथे मोठं नुकसान केलं होतं. आता कळप सहज दिसतात का? रानटी झालेली घोडी त्यांच्या चाऱ्यात वाटेकरी आहेत असंही वाचलंय, त्याचं वाईट वाटतं. फ्लेमिंगो आम्हाला उजनीवर दिसतात, त्यामुळे ते हुकले तरी चालतील. काळवीट हुकायला नको.

वाटेत वेदारण्यमला थांबणारच. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) एप्रिल १९३० मध्ये तिरुचिरापल्लीहून पदयात्रा काढून तिथे मीठ उचललं, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला आप्पा दर १२ जानेवारीला हार घालून येतात. त्यांच्यासाठी ती जागा बघणं हे देवदर्शनाइतकंच आहे.

चेन्नईपर्यंत सोलापूरहून थेट गाडी आहे. पुढे तंजावरला उतरून कार करावी, की वेदारण्यमजवळच्या अगस्तियमपळ्ळीपर्यंत रेल्वेने जावं? ती लाइन २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालीय, पण वेळा सोयीच्या आहेत का? वनखात्याच्या विश्रामगृहाचं बुकिंग इथून होतं का? भाषेची थोडी धास्ती आहे. आमच्याकडे पूर्व भागात राहून तेलुगू कळतं, तमिळ अजिबात नाही.

प्रतिसाद १

काही वर्षं तंजावरला होतो म्हणून लिहितो. आप्पांना घेऊन जाताय तर रेल्वेचा नाद सोडा आणि तंजावरहून दिवसभरासाठी कार करा. मुक्काम वेदारण्यमला टाका, तिथून कोडियक्कराई जवळ आहे. अभयारण्यात पहाटे शिरा, ऊन चढलं की जनावरं झुडपांच्या आडोशाला जातात. तारखा चांगल्या निवडल्यात; ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा मुख्य पाऊस असतो. दीपगृहाचा प्रवेश मात्र तिथल्या कर्मचाऱ्यांना फोन करून आधी विचाराच, ऐकीव माहितीच्या भरवशावर जाऊ नका.

आणि एक आग्रहाने सांगतो. परतताना मल्लिपट्टिणमजवळचा मनोरा बघा. तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांनी, दुसऱ्या सरफोजींनी, १८१४-१५ मध्ये नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून समुद्रकाठी बांधलेला षट्कोनी, आठ मजली बुरूज आहे तो. मराठी माणूस तिकडे फारसा फिरकत नाही याची मला खंत वाटते.

धागाकर्ता

मनापासून आभार! सरफोजींचा मनोरा यादीत नव्हताच. आप्पांना वाचून दाखवलं, आता ते म्हणतायत तंजावरला दोन दिवस ठेवा, सरस्वती महाल ग्रंथालयही बघू. कार ठरवतो. वेदारण्यममध्ये तळमजल्यावर खोली मिळेल असं साधं, स्वच्छ लॉज कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा.