ब्रेकचे पॅड नवे, तरी कुईकुई: तुमच्या गाडीत कारण काय निघालं?

पॅड बदलून गाडी घरी आणली की पहिल्याच सिग्नलला कुईऽऽ. परत घेऊन गेलं की ठरलेलं उत्तर: "नवीन आहेत, बसतील." कधी बसतात, कधी अजिबात नाही. ज्यांचा आवाज शेवटी गेला त्यांनी लिहा. नुसतं 'पॅड डुप्लिकेट होते' नको. आवाज कधी यायचा तेही हवं: सकाळी पहिल्यांदा, गरम झाल्यावर, हलका पाय ठेवल्यावर, की पाय न ठेवताच? निम्मं निदान तिथेच होतं असं माझं मत आहे.

रत्नागिरी
पावसाळ्यात सकाळी खर्रर्र, दोन-चार ब्रेक मारले की गायब. डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिच्यावर पॅड दाबले जातात) बिडाची, रात्रभर ओली राहिली की गंज धरणारच. जुन्या पॅडनाही व्हायचं, पण नव्यांवर खर्च केलेला असतो म्हणून जास्त ऐकू येतं. दुर्लक्ष करा.

पुणे
माझा आवाज डाव्या पुढच्या चाकाचा, गाडी तापल्यावर, थांबता थांबता. चाकाजवळ हात नेला तर उजव्यापेक्षा चांगलीच धग. दुसऱ्या फिटरने कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडला आणि पॅड हातात दिले: आतला बराच झिजलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली खालची जाम होती. ब्रेक सोडला तरी आतला पॅड डिस्कला घासतच राहायचा. पॅड बदलणाऱ्याने पिना बाहेर काढून पाहिल्याच नव्हत्या. पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबला, पॅड सरकवले, पुढची गाडी. या दुसऱ्या फिटरने पीन पॉलिश पेपरने साफ केली, तिच्यावरचं फाटलेलं रबरी बूट (आवरण) बदललं आणि सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. पॅड मात्र नवीन जोडी घ्यावी लागली.

न्यू जर्सी
वरच्या पुणेकरांना दुजोरा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, पिना जाम होणं नेहमीचंच. पॅडबरोबर पत्र्याच्या क्लिपा नव्या येतात, त्या बसवून घ्या. जुन्याच ठेवल्या तर पॅड ढिला बसतो, थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच कुईकुई.

कोल्हापूर
डिस्कच्या काठाला झिजेमुळे उंचवटा आला होता. नव्या पॅडची कड त्यावर चढायची. लेथवर टर्निंग करून (डिस्क तासून सपाट करून) घेतलं, आवाज बंद. पण आधी जाडी मोजायला लावा. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली जात असेल तर डिस्कच बदला. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

नाशिक
आमच्याकडे काही बिघाडच नव्हता, नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घ्यायचे राहिले होते. मोकळ्या रस्त्यावर साधारण ६० च्या वेगावरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. मग थोडा वेळ ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्यायचं. पॅडच्या मालाचा पातळ थर डिस्कवर एकसारखा बसतो. नवे पॅड टाकून थेट घाट उतरलात तर ते तापून काचेसारखे गुळगुळीत होतात आणि मग किंचाळतात. मागे मोकळा रस्ता असेल तेव्हाच करा, नाहीतर मागचा येऊन धडकायचा.

ठाणे
पाय न ठेवताच चर्रर्र, वळताना कमी-जास्त. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलेला! गाडी थोडी मागे-पुढे केल्यावर पडला. माझ्या एका ओळखीच्यांकडे तोच पत्रा पॅड बदलताना वाकला होता, हाताने सरळ केला.

पुन्हा मी
एक विनंती. 'पॅडला थोडं ग्रीस लावा' असा सल्ला मोघम देऊ नका. ब्रेकसाठीचं ग्रीस पॅडच्या पाठीला, शिमला (पाठीमागच्या पातळ पत्र्याला) आणि टोकांना; घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला थेंबही लागता कामा नये. कुणीतरी वाचून उलटं करेल आणि गाडी थांबायची नाही.

सोलापूर
पुढचे पॅड दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे झाले, आवाज तसाच. एकदा बायको गाडी चालवत होती आणि मी बाहेर कंपाउंडच्या भिंतीजवळ उभा होतो, तेव्हा कळलं की आवाज मागून येतोय. मागे ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे डिस्क-पॅडऐवजी गोल ड्रमच्या आतून लायनर घासतात. उघडून आतली धूळ काढली, लायनर घासले, हँडब्रेक जरा ढिला केला. तेव्हापासून शांत आहे.