रेस्क्यू केलेली मांजर सोफा आणि हात दोन्ही ओरबाडते, सल्ला हवाय

खिडकीवाली: रस्त्यावरून आणलेली मांजर आहे, ३-४ वर्षांची असेल. सोफ्याची एक बाजू पार फाडलीय. आणि स्वतःहून जवळ येते, डोकं घासते, मी पाठीवरून हात फिरवायला लागले की मध्येच पंजा मारते. सोफ्यापाशी ठेवायला काहीतरी सुचवा. खर्च फार जमणार नाही, जागाही कमी आहे. तिला परत सोडणार नाहीये, ते कृपया सुचवू नका.

बोकोबा: छतापर्यंतचा कॅट ट्री घ्या, मांजरांना चढायला-ओरबाडायला असतो तो, सरळ मोठाच घ्या. आमच्याकडे आहे, तीन मजली, झोपायला गुहा वगैरे सगळं. आमचा बोका सोफ्याकडे बघतसुद्धा नाही.

साधीसुधी: अहो त्या जागा कमी म्हणाल्यात ना.

बोकोबा: कोपऱ्यात मावतो.

पंजा५: स्प्रे बाटलीने पाणी मारा, दोन दिवसांत सुधारते.

मध्यरात्र: पाणी अजिबात नको. ती सोफा सोडणार नाही, फक्त तुम्ही समोर नसताना ओरबाडेल आणि तुम्हाला घाबरायला लागेल. नखांचं जुनं टरफल काढणं, अंग ताणणं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास लावून जागा आपली करणं, या तिघांसाठी मांजर ओरबाडतेच, ते बंद होत नसतं. ओरबाडायला खांब द्यायचा तर ती मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभी राहील एवढा उंच हवा, आणि हलता कामा नये, एकदा डुगडुगला की परत हात लावत नाहीत. आणि सोफ्याला खेटूनच ठेवा, लांब कोपऱ्यात नको.

पंजा५: आमची सुधारली पाण्याने, एवढंच सांगतो.

नवखा: ऑपरेशन करून नखं कायमची काढतात ना?

मध्यरात्र: नखं नाही, बोटाचं शेवटचं हाडच कापतात. कित्येक देशांत बंदी आहे त्याला. विचारही नको.

साधीसुधी: मला सोफ्यापेक्षा हाताचं जास्त वाटतंय. पंजा मारण्याआधी शेपटी आपटते का, कान मागे जातात का, पाठीची कातडी थरथरते का बघा. तिथेच थांबायचं, खरं तर त्याच्याही आधी. डोकं आणि गाल, बस, पाठीवर जायचंच नाही. आणि एकदा डॉक्टरांना दाखवा, कुठे दुखत असेल तरी मारतात. आमच्याकडच्या मांजरीचे दात दुखत होते, सगळे तिला रागीट म्हणत राहिले.

बोकोबा: कॅट ट्रीवर बसली की हातापर्यंत येणारच नाही.

दुपार: ओरखडा उठला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा, रेबीजचा विषय आहे. रस्त्यावरची आहे, लसीचं नक्की माहीत नसणार. बाकी खांब सोफ्याला खेटूनच ठेवा.

खिडकीवाली: सगळ्यांचे आभार. जखम धुतली होती, माझं इंजेक्शन चालू आहे. तिला शनिवारी दाखवतेय, दात बघायला सांगते. शेपटी आपटते खरी, आज नीट पाहिलं. खांब मात्र घेत नाही. सोफ्याची ती बाजू तशीही गेलीय, तीच तिला देऊन टाकतेय, वर जाड दोरी घट्ट गुंडाळून. जागा तिनेच निवडलीय तर राहू दे.

मध्यरात्र: मग दुसऱ्या बाजूला डबल साइडेड टेप लावा, चिकटपणा आवडत नाही त्यांना.

बोकोबा: दोरी महिनाभरात सुटेल, बघा.

खिडकीवाली: सुटली तर परत गुंडाळेन. नखांची टोकं एकटीने कशी कापायची, कोणी सांगेल का?

साधीसुधी: झोपेत असताना, एका वेळी एकच नख. आतला गुलाबी भाग सोडून.