सेटकॅप इंटरप्रिटरवर नको

लिनक्सवर पायथॉनच्या बायनरीला (चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइलला) सेटकॅप कमांडने 'कॅप_नेट_बाइंड_सर्व्हिस' ही कॅपेबिलिटी, म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूझरच्या अधिकारांचा एक तुकडा, दिली की रूटशिवाय पोर्ट ८० उघडता येतो, असा सल्ला दिला जातो. उघडतो हे खरं, पण परवानगी तुमच्या स्क्रिप्टला मिळत नाही, ती चालवणाऱ्या इंटरप्रिटरला मिळते. म्हणजे त्या मशीनवर जो कोणी पायथॉन चालवेल त्या प्रत्येकाला. पोर्टपुरतं एक वेळ चालेल. 'कॅप_सेटयूआयडी' (दुसरा यूझर बनू देणारी कॅपेबिलिटी) अशीच दिलीत तर एका ओळीच्या कोडने कोणीही रूट होईल. मग रूट म्हणून कमांड चालवणाऱ्या सुडोनं काय घोडं मारलं होतं?

दुसरी अडचण अपडेटची. कॅपेबिलिटी फाइलला जोडलेल्या जादा माहितीत, म्हणजे तिच्या एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असते. पॅकेज अपग्रेड झालं की जुन्या बायनरीच्या जागी नवी येते आणि ती कोरी असते. सर्व्हिस पुढच्या रीस्टार्टला 'परमिशन डिनाइड' म्हणून पडते, फाइलवरच्या कॅपेबिलिटी दाखवणारी गेटकॅप कमांड काहीच छापत नाही. साध्या सीपी कमांडने फाइल कॉपी केली तरी कॉपीवर कॅपेबिलिटी येत नाही. सिमलिंकवर (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यावर) तर सेटकॅप चालतच नाही, मूळ फाइलचा पाथ द्यावा लागतो. 'नोसूइड' पर्यायाने (फाइलवरून वाढीव अधिकार न देण्याच्या) माउंट केलेल्या डिस्कवर कॅपेबिलिटी लागते, पण कर्नल ती जुमानत नाही.

सर्व्हिस सिस्टमडी (लिनक्सचा सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) चालवत असेल तर बायनरीला हात लावूच नका. तिच्या युनिट फाइलच्या (सेटिंगच्या फाइलच्या) सर्व्हिस विभागात 'यूझर'मध्ये साधा यूझर द्या, 'अँबियंटकॅपेबिलिटीज' आणि 'कॅपेबिलिटीबाउंडिंगसेट' दोन्हींत पोर्टची तीच एक कॅपेबिलिटी लिहा, मग डेमन-रीलोड आणि रीस्टार्ट. कर्नल ४.३ किंवा पुढचा हवा. 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' (प्रोसेसला नवे अधिकार मिळू न देणारं सेटिंग) चालू असलं तरी हे चालतं. फाइलवरची कॅपेबिलिटी मात्र तिथे निरुपयोगी ठरते.