शेजारच्या आजोबांची १९६५ ची बॉनव्हिल: चालवू की नको?

कॉव्हेंट्रीकर

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आधी थोडी हकिगत सांगावी लागेल.

इथे इंग्लंडमध्ये माझ्या शेजारी एक इंग्रज आजोबा एकटे राहतात, ऐंशी कधीच ओलांडलेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६५ ची ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकल आहे. टी १२०, ६४९ सीसी, दोन कार्ब्युरेटर. निळी-चंदेरी टाकी आणि तिच्यावर तो जाळीदार बिल्ला, ज्याला इथले शौकीन ‘माउथ ऑर्गन’ म्हणतात. आजोबा पंधराव्या वर्षी ट्रायम्फच्या मेरिडनच्या कारखान्यात लागले, चाकं बांधायच्या विभागात. आरे भरायचे, ताणायचे, चाक फिरवून फिरवून वाकडेपणा काढायचा. सप्टेंबर १९७३ मध्ये कारखाना बंद करणार असं जाहीर झालं आणि कामगारांनी आतच ठाण मांडलं, त्यात तेही होते. पुढे १९७५ ला कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. १९८३ ला तीही संपली. आता त्या जागी घरं आहेत, एका गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज. मी एकदा त्यांना कारने तिकडे घेऊन गेले होते. पाटीपाशी थांब म्हणाले. उतरले नाहीत, काचेतूनच बघत बसले.

ही गाडी त्यांनी १९६८ मध्ये जुनी म्हणून घेतली. तेव्हापासून ती कधी बंद पडून राहिलेली नाही. पण मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक मारणं संपलं. गेल्या महिन्यात त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, दर पंधरा दिवसांनी फिरवून आण, उभी ठेवलीस तर मरेल.

मी नऊ वर्षं कामावर मोटरसायकलने जाते, लायसन्स पूर्ण आहे. पण माझी गाडी आजची. बटण दाबलं की सुरू. ही गाडी बघितली की मला हात लावायची भीती वाटते. परवा ते स्टुलावर बसून छोट्या पान्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारत होते. टण्, टण्, टण्, आणि एक आरा बद्द वाजला. त्यांनी पाव आटा फिरवला, पुन्हा टिचकी मारली, आणि तोही टण् वाजला. मला म्हणाले, आता तू कर. अर्ध्या चाकानंतर मलाही फरक ऐकू यायला लागला.

तर प्रश्न असा: साठ वर्षांची, असा हात फिरलेली गाडी मी रस्त्यावर न्यावी का? की गॅरेजमध्येच नीट जपावी? आणि न्यायची तर काय काय सांभाळू? तुमच्यापैकी कोणी अशा गाड्या चालवत असेल, चालताना पाहिल्या असतील, तर तेही लिहा. वाचायला आवडेल.

स्पॅनर

ताई, चालवा. आजोबा बरोबर सांगतायत.

कारण सांगतो. या इंजिनाचं तेल खाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून हळूहळू झिरपून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत उतरतं. टाकीत बघावं तर तेल कमी दिसतं, आपण भाबडेपणाने वरून ओततो, आणि किक मारल्यावर मागे निळ्या धुराचा ढग. मी स्वतः हे केलंय, वेगळ्या गाडीवर. पूर्ण चूक माझी होती, खालचा बोल्ट काढून आधी बघायला हवं होतं. पंधरा दिवसांत फिरणाऱ्या गाडीला हा त्रास फार कमी होतो. शिवाय सील सुकत नाहीत, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा बसत नाही.

सुरू करताना घाई नको. आधी इग्निशन बंद ठेवून क्लच दाबा आणि दोन-तीनदा किक फिरवा, चिकटलेल्या क्लच प्लेटा सुटतात. हे विसरलात तर पहिला गिअर टाकताना असा खडाक आवाज येईल की काळजात धस्स होईल. मग पेट्रोलचा कॉक उघडा. दोन्ही कार्ब्युरेटरच्या बाजूला छोटी घुंडी आहे, ती बोटाने दाबून धरा, बोटाला पेट्रोल लागलं की सोडा. मग इग्निशन चालू करून एक सलग, पूर्ण किक. नुसतं खाली धसकन पाय आपटायचा नाही.

पेट्रोल ई५ च भरा, म्हणजे कमी इथेनॉलवालं. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे आणि जास्त इथेनॉल जुन्या रबराला आणि टाकीच्या आतल्या लेपाला मानवत नाही. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर मोजायची: इनलेट दोन थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), एक्झॉस्ट चार. पाने व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे वगैरे लागतील, मेट्रिक पाना जबरदस्तीने लावून नटांचे कोपरे गोल करू नका. आजोबांकडे सगळे असणारच.

कागदपत्रांचं: चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीही, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणीही, लागत नाही. गाडी सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मात्र चालवणाऱ्याचीच. मी तरी दरवर्षी स्वखुशीने एमओटी करून घेतो, चार डोळे जास्त. विम्यात तुमचं नाव घालायला विसरू नका.

उजवा पाय

वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझा एकच मुद्दा आहे, पण तो जिवाचा आहे.

गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. ज्यांचा हात जुन्या बुलेटवर बसलाय त्यांना हे नवं नाही. पण बुलेटला पहिला गिअर वर, इथे पहिला खाली आणि बाकीचे तीन वर. तुम्ही नऊ वर्षं उलट्या पायांनी चालवताय. शांत रस्त्यावर तासाभरात जमेल आणि वाटेल, झालं की. पण समोर अचानक कोणी आडवं आलं की डोकं विचार करत नाही, पाय करतो. उजवा पाय ब्रेक समजून गिअरवर आदळतो. माझ्या मित्राची गाडी मी पहिल्यांदा घेतली तेव्हा एका गोल चौकात नेमकं हेच झालं. पुढच्या ब्रेकने वाचलो.

म्हणून पहिले काही दिवस रिकाम्या पार्किंगमध्ये फक्त थांबायचा सराव करा. पुढे ड्रम ब्रेक आहे, तुमच्या रोजच्या डिस्कसारखा चावणार नाही. अंतर दुप्पट ठेवा. एवढं केलंत की मग आनंदच आनंद. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात आणि आळीपाळीने पेटतात, त्यामुळे तो एकसारखा ठोका येतो. हँडलमधून कोपरापर्यंत पोचतो. नव्या गाड्यांत हे मुद्दाम दाबून टाकलेलं असतं. मला तर तोच हवा असतो.

यॉर्कशायरवाला

सल्ला द्यायला मी मेकॅनिक नाही, पण पाहिलेलं सांगतो.

क्लेकहीटनजवळ राहायचो तेव्हाची गोष्ट. तिथे एके काळी पँथर गाड्या बनायच्या. त्यांचं इंजिन पुढे कललेलं असतं, इतकं की फ्रेमची पुढची नळीच नाही, तिच्या जागी इंजिनच. एकच सिलिंडर, सहाशेच्या आसपास सीसी, आणि बहुतेकांना साइडकार जोडलेली. एका रविवारी चढावर मागून आवाज आला. आवाज म्हणजे काय, ठोका... मग पुढचा ठोका. इथले लोक म्हणतात की पँथर दर दुसऱ्या विजेच्या खांबाला एकदा पेटते. वळून पाहिलं तर हिरवट कोट घातलेल्या आजी चालवत होत्या आणि साइडकारमध्ये नवरा, मांडीवर कुत्रा. चढ चांगलाच खडा. गिअर न बदलता, वेग न सोडता वर निघून गेल्या. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून आवाज विरेपर्यंत ऐकत होतो. आजही ती चढण आठवली की आधी तो ठोका आठवतो.

लंडनला गेलात तर नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेला एक चक्कर मारा, मोटरसायकलवाल्यांचा जुना अड्डा. १९३८ चं ठिकाण, १९६९ ला बंद पडलं, २००१ ला पुन्हा उघडलं. मी गेलो तेव्हा बाहेर ट्रायटन उभी होती: नॉर्टनची फेदरबेड फ्रेम आणि ट्रायम्फचं इंजिन. टायरला ताजा चिखल लागलेला होता. संग्रहालयातल्या पन्नास चकचकीत गाड्यांपेक्षा मला तो चिखल जास्त आवडला.

कॉव्हेंट्रीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण सराव चालू होता. उजवा पाय, तुमचं ऐकलं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सलग पाच सकाळी नुसती थांबत होते. दुसऱ्या दिवशी दोनदा गिअरवर पाय गेलाच. पाचव्या दिवशी एकदाही नाही.

काल सकाळी पहिल्यांदा लांब नेली. ॲलस्लीवरून मेरिडन, तिथून बर्क्सवेल आणि परत. घुंडी दाबली, बोटाला पेट्रोल लागलं, आणि दुसऱ्या किकला सुरू झाली. आजोबा दारात खुर्ची टाकून बसले होते. काही बोलले नाहीत, फक्त हाताने खूण केली, जा.

मेरिडनच्या हिरवळीवर तो जुना दगडी क्रॉस आहे, तिथे थांबले. इंजिन बंद केलं तरी सायलेन्सर बराच वेळ टिक टिक करत निवत होते. जवळजवळ आजोबांच्याच वयाचा एक माणूस कुत्र्याला घेऊन आला, गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, रोज चालवतेस? मी म्हटलं, आजपासून. तो अर्धा तास बोलत होता. त्याचा भाऊ बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथला, बीएसए या दुसऱ्या मोटरसायकल कंपनीत होता. ते सगळं इथे लिहायला बसले तर वेगळा धागा काढावा लागेल.

परत येताना आमच्या गल्लीच्या दोन वळणं आधी मी थ्रॉटल सोडला आणि हळूहळू आले. बघते तर गॅरेजचं दार उघडून आजोबा काठी टेकून उभे. मी हेल्मेट काढायच्या आत म्हणाले, डावा कार्ब्युरेटर उजव्याच्या किंचित मागे आहे, कोपऱ्यापासून ऐकतोय. केबल जुळवायला हवी.

शनिवारी बसणार आहोत. स्टूल माझ्यासाठी आणि खुर्ची त्यांच्यासाठी.