वेब ॲपचं टेस्टिंग ऑटोमेट करायचंय, सुरुवात कुठून करू?

कट्टा_आणि_कोड
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिळून लातूरला आडत दुकानांसाठी एक वेब ॲप चालवतो. माल आला की वजन टाका, भाव टाका, हमाली तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी (हिशोबाची पावती) निघते, बस एवढंच. टेस्टिंग म्हणजे मी रात्री बसून हातानं धा-बारा पट्ट्या करून बघतो. मागच्या सोयाबीनला एक अपडेट टाकलं आन शेवटचा अर्धवट भरलेला कट्टा हमालीत धरणंच बंद झालं. १२ क्विंटल ४० किलो म्हणजे ५० किलोचे २४ कट्टे आन वर ४० किलोचा पंचविसावा, आमचं ॲप २४ च म्हणायलं. कट्ट्याला १२ रुपये धरले तर त्या पट्टीत हमालांचे १२ रुपये गेले. तीन दिवस आम्हाला पत्ताच नाही, मुकादम वहीत हिशोब मांडून घेऊन आला तवा कळलं. लई बोलणी बसली.

आता व्हिडिओ बघून सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल) शिकायलोय. लॉगिनची टेस्ट लिहिली, कधी पास होते कधी फेल, मग सगळीकडं ५ सेकंदाचं स्लीप (टेस्टला तेवढा वेळ थांबवणं) टाकलं तरी तेच. सेलेनियम धरू का प्लेराइट का सायप्रेस? पायथन येतं, जावा कॉलेजातच सोडली.

बग_पकड
टूलचं नंतर बघू. तुमच्या त्या हमालीच्या बगला ब्राउझर लागतच नाही ओ. कट्टे मोजायचं फंक्शन वेगळं काढा आन पायटेस्टमधी (पायथनचं टेस्ट चालवायचं टूल) सरळ त्यालाच विचारा, १२४० किलोला २५ येतात का, १२५० ला पण २५ च येतात का, १२५१ ला २६ होतात का, ४९ ला १, ० ला ०. पाच ओळींचं काम, सेकंदाच्या आत उरकतं. हे अगोदर असतं तर मुकादम आलाच नसता. ब्राउझरमधून फक्त मोजके रस्ते तपासा: लॉगिन, नवी पट्टी, सेव्ह करून परत उघडली तर तीच रक्कम दिसती का.

आता स्लीपचं. पेज अगोदर येतं, बटन जावास्क्रिप्ट मागून आणून ठेवते, आन तुमची टेस्ट त्याच्या आधीच क्लिक मारून मोकळी. नेट चांगलं असलं की ५ सेकंद फुकट, नेट रडायलं की तेच ५ कमी. म्हणून वेळ नाही, अट सांगायची: बटन क्लिक करण्याजोगं होईस्तोवर थांब. सेलेनियममधी त्याला वेबड्रायव्हरवेट आहे. प्लेराइट हे आपसूक करतं, क्लिकच्या आधी बटन दिसतंय का, हलत तर नाही ना, चालू आहे का हे बघूनच दाबतं. पायथन येतंय, नवीनच सुरुवात आहे, तर मी तर प्लेराइटच म्हणेन. कोडजेन चालवा, तुम्ही ब्राउझरमधी क्लिक करत जाता तसा कोड बाजूला लिहून येतो. तो तसाच ठेवू नका मात्र, साफ करा.

जालना_रोडवरचा
थोडं वेगळं मत. नोकरीच्या बाजारात सेलेनियम अजून लई मागतात, त्याला एवढं पण हाणू नका. २००४ पासूनचं टूल आहे. पूर्वी क्रोम अपडेट झालं की त्याला जुळणारा ड्रायव्हर (सेलेनियमच्या वतीनं ब्राउझर चालवणारा प्रोग्राम) शोधत बसावं लागायचं, ४.६ पासून सेलेनियम मॅनेजर स्वतःच आणतो.

पण खरं दुखणं लोकेटरचं (पेजवरचं बटन टेस्टनं कसं शोधायचं त्याचा पत्ता) असतं, कोणतं बी टूल घ्या. इन्स्पेक्टमधून लांबलचक एक्सपाथ कॉपी केलाय का? म्हणजे तिसऱ्या डिव्हमधलं दुसरं बटन वगैरे? हा पत्ता असाय की गल्लीतलं तिसरं घर, मधी एक टपरी बसली की चुकला. कोड तुमचाच आहे तर बटनाला डेटा-टेस्टआयडी (फक्त टेस्टसाठी ठेवलेलं नाव) द्या आन त्या नावानं हाक मारा.

कट्टा_आणि_कोड
दोघांचे आभार. कट्ट्याची टेस्ट लिहिली, पहिल्याच दिवशी ० किलोला १ कट्टा सापडला 😅 प्लेराइट घेतलं, एक्सपाथ पण काढले. आता दोन अडचणी. पट्टीची टेस्ट एकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल. दुसरं, १२.४० क्विंटल गुणिले ४३०० म्हणजे 53320 यायला पाहिजे, स्क्रीनवर ५३,३२० दिसतंय, डोळ्याला बरोबर आहे तरी टेस्ट नाही म्हणते.

बग_पकड
दुसरं सोपंय. तुमच्या पेजवर मराठी आकडे आहेत, टेस्टमधी इंग्रजी, आन वर स्वल्पविराम. मजकूर म्हणून जुळवायला गेलात तर जन्मात जुळायचं नाही. स्वल्पविराम काढून इंट (मजकुराचा आकडा करणारं पायथनचं फंक्शन) मधी घाला, पायथनला देवनागरी आकडे कळतात, खरंच, करून बघा.

पहिल्याचं कारण बहुतेक डेटा. एका टेस्टनं केलेली पट्टी दुसरी बदलायली असंल, नाहीतर पट्टी नंबर १ च येणार असं कुठं तरी गृहीत धरलंय. प्रत्येक टेस्टनं आपला शेतकरी आपणच तयार करायचा, नाव पण दरवेळी वेगळं. आन डेटाबेस वेगळा आहे ना? चालू दुकानाच्या डेटावर टेस्ट मारत असाल तर आजच थांबा.

कट्टा_आणि_कोड
...वेगळा करतो. आत्ताच.