गावातल्या बालवाडीसाठी परदेशातलं काय घ्यावं?

सुजाता_सिन्नर
नमस्कार मंडळी. जूनपासून गावात बालवाडी सुरू करतेय. तीन ते सहा वर्षांची मुलं, पत्र्याची एक खोली, पुढे मोठं अंगण. प्रशिक्षणात माँटेसरी, रेजिओ, फिनलंड असं बरंच कानावर पडलं, पण साहित्याच्या संचांचे भाव आवाक्याबाहेर आहेत. इकडे पालक विचारतात, 'मॅडम, ए टू झेड लिहायला कधी शिकवणार?' जगभरातल्या या पद्धतींतून मी नेमकं काय घेऊ?

माजी_पर्यवेक्षिका, डहाणू
सुजाताताई, संच घेऊ नका. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह काढलं ते कामगारांच्या मुलांसाठी. आईबाप कामावर आणि मुलं दिवसभर जिन्यांवर मोकाट, म्हणून. रेजिओचंही तसंच. १९४५ला युद्ध संपलं तेव्हा इटलीतल्या रेजिओ एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यातल्या लोकांनी जर्मनांनी मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून बालशाळा उभी केली. आज हीच नावं महागड्या शाळांच्या पाट्यांवर दिसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर राहून माँटेसरी पद्धत त्यांनी पुरती आत्मसात केलेली होती. पण पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बाई बालवाडीच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात घेऊन गेल्या. शिंपले, बिया, काड्या, पानं हेच साहित्य. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं कुरणात, म्हणून शाळाही कुरणात!

तुम्ही चिंचोके आणि दोन-तीन करवंट्या घेऊन बसा. आमच्या एका अंगणवाडीत चार वर्षांची मुलगी चिंचोके या करवंटीतून त्या करवंटीत ओतत बसायची. सांडला की दोन बोटांनी उचलायचा, परत ओतायचं. मग एकदा तिनं आपणहून काळपट एकीकडे, तांबूस दुसरीकडे असे वेगळे केले. सेविकेनं मध्ये तोंड घातलं नाही, हे तिचं मोठं काम. पेन्सिल धरणारी बोटं अशीच तयार होतात, हे पालकांना अंगणात बसवून दाखवा.

वेलिंग्टनवासी
भाषेबद्दल थोडं. इथे न्यूझीलंडमध्ये मूळनिवासी माओरींची मुलं इंग्रजीच बोलू लागली, आपली भाषा जाणार असं दिसलं, तेव्हा १९८२ पासून त्या समाजानं 'कोहांगा रेओ' नावाच्या बालवाड्या काढल्या. आजी-आजोबा मुलांमध्ये बसतात आणि सगळं माओरीतच चालतं. तुमच्या गावात गोष्टी सांगणाऱ्या आज्या असतीलच, त्यांना बोलवा.
आणि माझ्या लेकीच्या बालवाडीतल्या बाई, मूल काय करत होतं ते चार ओळींत, गोष्टीसारखं लिहून घरी देतात. 'आज तिनं पाण्याला वाट करून दिली, दोनदा बांध फुटला, तिसऱ्यांदा दगड लावला.' असं वाचल्यावर मी 'आज काय लिहिलंस?' हे विचारणंच सोडलं.

एक_बाबा_नाशिक
सगळं पटतं. पण पहिलीत पोरगं मागे पडलं तर शाळा आम्हालाच बोलावते. पालकांची भीती खोटी नाही.

माजी_पर्यवेक्षिका, डहाणू
मुळीच खोटी नाही, दादा. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते म्हणतात तेही अर्धंच. त्याआधीचं एक पूर्वतयारीचं वर्ष तिथे २०१५ पासून सक्तीचं आहे. सुजाताताई, तुम्हीही शेवटच्या वर्षी अक्षरं जरूर घ्या. सुरुवात मुलांच्या स्वतःच्या नावांपासून करा. आधी जमिनीवर बियांनी नाव मांडू द्या, मग खडू, मग पाटी. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात मात्र पेन्सिल कोंबू नका, कोणी कितीही म्हटलं तरी.